मुक्तद्वार

आमच्या म्हापशाच्या छापखान्यात, काचेखाली,
बाबांच्या लग्नाची पत्रिका अजून आहे.
कोपऱ्यात जांभळा पोर्तुगीज शिक्का : तपासले.
तेव्हा मुहूर्तसुद्धा आधी पणजीला दाखवावा लागे.

साहेबाच्या निळ्या पेन्सिलीने एकच शब्द खाल्ला,
'मुक्तद्वार भोजन'मधला मुक्त.
हाताखालचा कारकून आपल्यातलाच, केरीचा,
त्याला मराठी चांगले येई,
हाच तर घोटाळा.

कंपोझिटर शाबलो म्हणाला, शब्द काढतो,
ओळ ओढून घेणार नाही.
दोन अक्षरांएवढे कोरे शिसे बसवले त्याने
आणि तसेच छापले :
            द्वार भोजन.

बोलावले त्याच्या दुप्पट लोक आले.
वरणात तीनदा पाणी घातले.
पंगतीत कुणी काही बोलले नाही,
फक्त वाढप्याला म्हणत राहिले,
त्या कोऱ्यातले आणखी थोडे वाढ.

आता पत्रिका कुणी तपासत नाही.
आता नोटीस येते, पोचपावतीसह.
'नदी लाल का?' एवढाच मथळा होता माझा,
खाली दोन फोटो.
खाणवाल्यांची पाच कोटींची अब्रू गेली म्हणे त्यात.

वकील इरेनियाने पुस्तक उघडले. कलम एकोणीस.
मला कलम ठाऊक ते मानकुरादचे :
चिंधी घट्ट बांधायची आणि रोज जाऊन बघायचे नाही.
म्हटले, यात आमचे नाव कुठे आहे ते दाखव.
नाही, म्हणाली.
भाषण आहे, अभिव्यक्ती आहे,
वर्तमानपत्र हा शब्दच नाही.
तुम्ही त्या दोघांच्या मधल्या जागेत आहात,
कोर्टाने तिथे तुम्हाला वाचले म्हणून.

खाली वाजवी निर्बंध.
ते मात्र एकेक, नावानिशी.

एक शब्द गाळा, निभेल, असा तिचा सल्ला.
'खाणीमुळे'.
गुरुवारी रात्री गाळून पाहिला.
स्क्रीनवर ओळ लगेच मिटली, पाण्यासारखी,
काही होते याची खूणही नाही.
मी परत टाइप केला.
परत गाळला.
शाबलोच्या शिशाची पेटी वरच्या फळीवर,
तिच्यात आता आम्ही दाभण ठेवतो.

उजाडता बाजार भरला.
दारासमोर एक बाई सुकी सुंगटे बांधून देत होती,
मागच्या अंकात, नदीच्या पानात,
आणि घेणारा, पैसे मोजायचे सोडून,
पुडी फिरवून फिरवून
वाचत होता.