साठ अंश

लफबरो. नोव्हेंबर. प्रयोगशाळेत
मिस्टर डेन्झिल ओकडेन हाफ पॅन्टवर उभे.
मी त्यांच्या पायांना चकाकत्या गोळ्या चिकटवते,
खुब्याला, गुडघ्याला, घोट्याला.
टेप धरेना म्हणून आधी दोन जागी केस भादरले.
"बायकोनंही इतकं निरखलं नव्हतं," ते म्हणतात.

चाला.
बारा कॅमेरे,
आणि पडद्यावर माणूस वजा होऊन
चालत राहतात नुसते ठिपके.
पाय उचलताना गुडघा
एकोणपन्नास अंशांत अडतो.
साठ हवेत.

एकेचाळीस वर्षं त्यांनी घंटा ओतल्या,
काशाच्या, माणसाहून उंच.
कुठकुठल्या गावांत अजून तास देतात.
माझ्या प्रबंधात ते एस-झिरो-सेव्हन.

जयसिंगपूरला, उपांत्य सामन्यात,
खांबाशी वळताना माझ्या गुडघ्यात
टक् झालं होतं. बारीकसंच.
सर म्हणाले, हळद लाव, डाव बाकी आहे.
मी बसले पाटीत. उठलेही.
आज त्या अस्थिबंधाचं लॅटिन नाव येतं मला,
किती न्यूटनला तुटतो तेही.
तेव्हा टक् एवढंच माहीत होतं,
आणि ते मी कुणाला सांगितलं नाही.

गोळ्या काढल्या. लाल वर्तुळं उरली.
सही, प्रवासभत्ता, थँक यू डिअर.

खिडकीतून दिसतात ते, काठी काखेत,
थांब्यापासून वीसेक पावलांवर.
बस हलते,
आणि पाठीत कुणी खो दिल्यासारखा
म्हातारा सुटतो.

कॅमेरे बंद.
किती अंश,
नोंद नाही.