सादोचे फोटो

विहाराची भिंत दसऱ्याला पोतली होती,
म्हणून चादर लागली नाही.
प्रोजेक्टर ग्रामपंचायतीचा.
त्याच्याखाली मी दोन विटा अन् एक जुना हजेरीपट सरकवला
तेव्हा कुठं जपानचा समुद्र सरळ झाला.

टेंभुर्णे बाईंनी रिटायर झाल्यावर पाहिलेलं बेट.
सादो, त्या म्हणाल्या.
साधो? मागून कोणी.
सादो.
एक पाल समुद्रावरून चालत गेली
अन् पलीकडच्या डोंगरावर पाखरू धरून बसली.

पहिल्या फोटोत खडक. दुसऱ्यात तोच खडक.
तिसऱ्यात खडकापुढं बाई, पांढरी टोपी घालून.
मग सोन्याची खाण:
कुऱ्हाडीनं ओंडका फाडावा
तसा माथ्यापासून चिरलेला डोंगर,
आत माणसाएवढे बाहुले, विजेवर चालणारे.
हातोडी उचलतात, ठेवतात, उचलतात.
"यायले मजुरी किती?" सुगंधानं विचारलं.
तिचं रोजगार हमीचं मस्टर सात हप्ते झाले निघालं नव्हतं.
सगळे हसले.
बाईंनी बटण दाबलं.

लाकडाची गोल नाव, तीत उभी एक म्हातारी.
"हा तं गंज होय," तुळाराम नान्हे पुढं सरकला.
चाळीस वर्षं डोंगा हाकलेला माणूस,
सिनेमालाही कधी इतका पुढं बसला नसेल.
"वल्हं एकच?"
"एकच."
"मंग गोल गोल फिरत असन."
"मीही फिरले," बाई म्हणाल्या,
अन् तिथून पुढं आम्ही त्यांचं सगळं खरं मानलं.

मग गवतात बुडालेला एक ओटा, भोवती कुंपण.
राजधानीला जे नको झाले ते इथं धाडले जात,
एक राजा, काही साधू, एक नाटकवाला.
"काळं पाणी म्हणा."
"तसंच."
"अन् आता लोक तिकीट काढून जातात?"
बाईंनी पर्समधून तिकीट काढलं.
ते रांगेतून हातोहात फिरलं,
परत आलं तेव्हा त्याला हळदीचा डाग होता.

शेवटी एक पक्षी, पंखांखाली गुलाबी.
तिथला शेवटचा मेला तेव्हा दुसऱ्या देशातून जोडी आणली,
शेतकऱ्यांनी औषध मारणं कमी केलं,
आता तो धानात हिंडतो.
आमच्या बांधीतली सारसाची जोडी
दोन सालांपासून आली नाही.
कोणी बोललं नाही.
पंख्याच्या आवाजात प्रोजेक्टर थंड होत राहिला.

सकाळी बाई तलावावर हजर, तीच टोपी.
"मला टेकाडावर न्या."
मोठ्या तलावाच्या मधोमध ते आहे,
आम्ही त्याला बेट कधी म्हटलं नाही.
मोहाची तीन झाडं, ढोकरीची विष्ठा,
एक दगड, त्यावर घोडेस्वार,
ज्याचं तोंड पावसानं नेलं.
कोणी म्हणतं, तलाव बांधणारा कोहळी पाटील.
कोणी म्हणतं, त्याचा नोकर.
आम्ही त्यावर जाळी वाळत घालतो.

तुळारामनं जाळं उचललं, घडी केली,
गमछ्यानं स्वाराची छाती पुसली,
मग स्वतःचं तोंड पुसलं
अन् दगडाशेजारी ताठ उभा राहिला.
बाईंनी फोटो काढला.
"आणखी एक," तो म्हणाला. "डोळे मिटले असतीन."

परतताना डोंग्यात पाणी आलं,
नेहमीच येतं, बुडाशी डांबर सुटलंय.
बाई मधोमध बसल्या, चपला मांडीवर.
मी वल्हं धरलं, तुळाराम मगानं उपसायला लागला.
शिंगाड्याचे वेल बाजूला सारत आम्ही निम्म्यावर आलो
तेव्हा त्यानं विचारलं,
"त्या राजाले मंग वापस नेलं का कोनं?"

"नाही. तिथंच गेला. वीस वर्षांनी."

त्यानं मग भरला,
तलावात रिकामा केला,
पुन्हा भरला.