दुसरी सही

बोरस्ते वकिलांनी सीबीएससमोरच्या टपरीवर
बशीत चहा ओतत सांगितलं,
पालकत्व दोघांचं, ताबा आईचा.
ताबा.
पाथर्डी फाट्याच्या फ्लॅटची किल्ली मिळाली
तेव्हाही कागदावर हाच शब्द होता.

आता शाल्मली गंगापूर रोडला राहते,
दात तिथे घासते, ताप तिथे येतो,
माझ्याकडे दुसऱ्या-चौथ्या शनिवारी,
बँका बंद असतात तेव्हा.
अंबडची शिफ्ट बदलून घेतो मी.
येताना तिची वेणी घट्ट असते,
सहा वाजता मी परत करतो ती
सुटलेल्या केसांची.
वेणी मला अजून जमत नाही.

परवा मृणालचा फोन. टॉन्सिल काढायचेत.
"निकालात आहे ना, मोठे निर्णय दोघांनी.
तुझीही सही लागेल."
त्या 'तुझीही'तला 'ही'
मी रात्रभर उलटसुलट करून पाहिला.

फॉर्मवर तिचं माहेरचं आडनाव,
खाली एक रिकामी रेघ.
नातं? नर्सने विचारलं.
वडील, मी लिहिलं,
आणि पेन पुसट चालतंय म्हणून
(पेन चांगलं चालत होतं)
पुन्हा गिरवलं.

"पप्पा, ऑपरेशननंतर आइस्क्रीम देतात.
तेव्हा कितवा शनिवार आहे?"
पहिला, मी म्हणालो. म्हणजे माझा नव्हे.
मृणाल पर्समध्ये काहीतरी शोधत राहिली,
बराच वेळ.
मग मान वर न करताच,
"येताना मऊ भात आणशील?
तिखट नको घालू."