वस्तारा

अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत, रात्रपाळीला,
रामेशमनं मोबाइल बिमाला टेकवून ठेवलाय
आणि त्यात एक कुपी पृथ्वीकडे परत येतेय.
आवाज येत नाही. चौदा मागांच्या खडखडाटात
तसाही इथं कुणाचा येतो!

आकडा दिसतो: सेकंदाला पावणेआठ किलोमीटर.
रामेशम बोटांनी खुणावतो, म्हणजे किती?
मी हातवारे करून सांगतो,
आपल्या स्टेशनातून सुटली तर पुणं अर्ध्या मिनिटात.
तेवढ्यात तर सुटे पैसेही निघत नाहीत खिशातून.

माझा धोटा जातो जेमतेम दीड मीटर,
मिनिटाला शंभरेक खेपा.
एकदाच वाट सोडली त्यानं,
पोशण्णाचा डावा डोळा गेला.
तेव्हापासून वेगाचं मला कौतुक नाही.
थांबतो कुठं, तेवढं विचारतो.

लेक सांगत होती, सगळा खेळ कोनाचा.
फार उभी शिरली तर जळाली.
फार आडवी आली तर हवेवरून उसळून पुन्हा वर,
सिद्धेश्वरच्या तळ्यावर आम्ही
खापरीच्या भाकऱ्या मारायचो तशी.
आमची खापरी शेवटी बुडायची तरी.

आणि संपर्क तुटला.
भोवतीची हवाच पेटलीय,
त्या जाळातून शब्द बाहेर पडत नाही.
बुडाचं कवच कणाकणानं जळून उडतंय;
ते जळतं म्हणून आतले तिघं शाबूत,
पाठीवर पडलेले, आपल्याच चौपट वजनाखाली.

नेमकी तेव्हाच लाईट गेली.
चौदा माग एकदम गप्प.
मे महिन्याचा पत्रा छपरात कडकडला.
महिन्याभरात पहिल्यांदा रामेशमचा आवाज ऐकला,
बारीक, तेलुगूत: "वस्तारा?"
येतील का?
इतकी वर्षं या गल्ल्यांत राहून
आज त्या शब्दाचं पातं माझ्या गळ्याला लागलं.

मिनिटं मोजली नाहीत.

मग ठिपका. दोन लहान छत्र्या,
मागून तीन मोठ्या, फुलत गेलेल्या.
कापड!
एवढा जाळ, एवढं गणित,
आणि शेवटी भरवसा कापडावर.
वेग उतरत उतरत लुनाएवढा झाला.

रामेशम टाळ्या पिटतोय.
मी चष्मा कपाळावर सारून पडद्याला नाक लावलंय:
काठ कसा धरलाय, शिवण दुहेरी का,
इंचाला धागे किती,
आणि त्याची घडी घातली कुणी,
घालून घरी गेल्यावर
त्या रात्री झोप लागली का तिला.

लाईट आली. नऊ नंबरचा ताणा तुटलेला.
गाठ मारायला वाकलो.