सुम्न

वाळू खानापूरकडची. शेजारच्या कल्लाप्पांच्या स्लॅबातून उरलेली,
बादलीभर मागून आणली. चाळली. पाइपाखाली
तीनदा धुतली, चौथ्यांदा धुवायचा कंटाळा केला.
एवढंच झालं. पुढचं सगळं त्या कंटाळ्याचं.

टाकी दीड फुटाची, टीव्हीशेजारच्या कट्ट्यावर.
पाणी वरून ओतलं, सरळ, कळशीनं,
आणि बघता बघता आत ताक झालं.
रेवा म्हणाली, पप्पा, फिल्टर कुठं गेला?
फिल्टर तिथंच होता. त्याची गुरगुर येत होती.

मासे दोघं बादलीत. एक नारिंगी, एक पांढऱ्यावर ठिपके.
बादलीवर चाळण उपडी,
चाळणीवर वरवंटा, मांजराच्या भीतीनं.

उद्यमबागेत मी ग्राइंडिंग मशीनवर असतो.
शाफ्टावरून नख फिरवलं की सांगतो, अजून एक कट.
हात न घालता काही सरळ होतं
हे सोळा वर्षांत मला कुणी सांगितलेलं नाही.
म्हणून हात घातला.
वाळू सपाट केली. नळी हलवली. दगड उचलला,
होता तिथंच परत ठेवला.
दर वेळी खालून एक ढग उठला
आणि माझ्या कोपरापर्यंत आला.

वरच्या मजल्यावरच्या सुंठणकर काकू तुरटीचा खडा घेऊन आल्या.
आमच्या कंग्राळीच्या विहिरीला हेच, म्हणाल्या,
निवळी उगाळायची, नाहीतर हा फिरवायचा.
मासे काय म्हणतील ते त्यांनी विचारलं नाही.
खडा मी खिशात ठेवला. दाढीला होईल.

खडेबाजारातून आत वळलं की मल्लेशचं दुकान.
पाटी कन्नडमध्ये, भाव खडूनं मराठीत.
तो मराठीत कन्नड घालतो, मी कन्नडमध्ये मराठी,
मधे कुठंतरी माशांचं खाद्य विकलं जातं.
एष्ट सल तोळदीरी?
तीनदा, म्हटलं.
त्यानं आठ बोटं दाखवली.
मग म्हणाला, पाणी ओतताना मधे ताटली ठेवायची,
धार ताटलीला लागू दे, वाळूला नको.
फिल्टरात जुन्या बनियनचा तुकडा कोंबा.
आणि आता सुम्न बिड्री. कै हाकब्याड्री.

सुम्न म्हणजे गप. गप सोडा, हात घालू नका.
पण आपल्या गपमध्ये ओठ मिटलेले असतात,
दात सुद्धा.
सुम्नमध्ये काहीच मिटलेलं नसतं.
घरी येईपर्यंत स्कूटरवर हेच चाललं होतं डोक्यात,
गोगटे सर्कलला मागच्यानं हॉर्न मारला.

रात्रपाळीहून आलो की टाकीसमोर बसायचो,
दोन्ही हात मांड्यांखाली.
दुसऱ्या दिवशी काही नाही.
तिसऱ्या दिवशी थर्मामीटरचा लाल ठिपका.
ह्याच दिवसांत भावाला चार मेसेज लिहिले,
तीन पाठवले.
चौथा तेवढा बरा होता.

चौथ्या दिवशी पहाटे, लाइट न लावता, पाहिलं.
वरची चार बोटं निवळली होती. खाली अजून धुकं,
आणि धुक्याच्या तळाशी
अभ्रकाचा एक कण, मग आणखी एक,
दुरून दिसणाऱ्या गावासारखे.
फिल्टरातलं बनियन पिळलं,
नाचणीच्या आंबिलीसारखं निघालं.

काचेला आतून थर बसला होता मात्र.
तो सुम्न राहून गेला नाही.
तो हातानंच पुसावा लागला, हळू, वरून खाली,
वाळूच्या दोन बोटं वर थांबून.
हे मल्लेशनं सांगितलं नव्हतं.

शाळेला जायच्या आधी रेवानं मासे सोडले.
युनिफॉर्मची बाही भिजली, आईनं पाहिलं नाही.
ठिपक्यांचा कोपऱ्यात जाऊन थांबला.
नारिंगी सरळ तळाला गेला,
तोंडभर वाळू घेतली, चघळली, थुंकली,
आणि तिथं एक छोटा ढग उठला.

रेवानं माझ्याकडे पाहिलं.
खिशात तुरटी होती.
तिच्यावर मूठ आवळून उभा राहिलो.