कडूकंद

पेंचकाठच्या झाडाझुडपांवर मी एक पुस्तक लिहिलं.
त्याने मला बढती दिली,
रविनगरात तीन खोल्या दिल्या,
आणि दुसऱ्या पानावर, बारीक अक्षरात :
सर्व हक्क राखीव.
किंमत सहाशे चाळीस.

रविवारी अभ्यासकेंद्रात वर्ग असतो.
एप्रिल. कूलरच्या ताट्या कोरड्या ठक्क.
बाकांवर एक कंडक्टर, जरीपटक्याचा एक टेलर,
आणि इमला मरसकोल्हे,
मेयोच्या वॉर्डात रात्रपाळीची आया,
सकाळी सुटून थेट इथे, डोळे तांबडे.

तिच्याकडे पुस्तक नव्हतं. झेरॉक्स होती,
तीही झेरॉक्सची झेरॉक्स,
कडा काळ्या, माझं नाव अर्धं कापलेलं.
मी रागावणार, एवढ्यात तिनेच विचारलं,
"सर, राखीव म्हणजे आमच्याकडच्यासारखंच का?"
आमच्याकडचं म्हणजे देवलापारच्या पलीकडचं जंगल,
जिथे मोहफुलं वेचताना
तिच्या मायची टोपली जप्त झाली होती.
मी म्हणालो, नाही, हे वेगळं.
कसं वेगळं, ते सांगायला फळ्याकडे वळलो
आणि खडू नुसताच हातात.

"अन् एकशे बारा पानावर चूक हाये."
वर्ग हसला. कंडक्टर सगळ्यात मोठ्याने.
कडूकंद : उकडून खातात, असं माझं वाक्य.
"नुसता उकडून नाही, सर.
चकत्या करा लागते,
टोपलीत घालून रात्रभर पाण्यात ठेवा लागते.
साचलेल्या नाही. वाहत्या.
नाही तं माणूस मरते."

नऊ वर्षं.
किती जणांनी ते वाक्य पाठ केलं,
मीच मार्क दिले, पाचपैकी पाच.
पुस्तक कपाटात, कपाटाला कुलूप,
किल्ली शिपायाकडे, शिपाई रजेवर.
ज्यांना ठाऊक होतं
त्यांच्या हाती ते पान जाणारच नव्हतं.

घरी येऊन जुनी वही काढली.
मला कंदाचं कोणी सांगितलं होतं?
"एक स्थानिक महिला." एवढंच.
ती अजून बोलत होती बहुतेक.
ऊन फार होतं, मी गाडीत बसलो होतो.

प्रकाशक म्हणाला, फुकट वाटलं की किंमत राहत नाही, सर.
असेलही. त्याचंही घर आहे.
मी पुन्हा लिहायला घेतलंय.
सुटी पानं रविवारी बाकावर ठेवतो,
समास रुंद, सोबत पेन्सिल.
टेलरने माझे ऱ्हस्व-दीर्घ सुधारले.
कंडक्टरने एक अख्खा परिच्छेद खोडला,
तो मुळीच चुकीचा नव्हता, आम्ही भांडलो,
चहा गार झाला.
इमलाने "एक स्थानिक महिला"खाली रेघ मारून लिहिलं :
नाव इचारा.

आमच्या कमानीवर "मुक्त" असं कोरलंय, भारदस्त.
ती "मोकळं" म्हणते.

दुसरं पान अजून ठरत नाही.
तूर्त तिथे पेन्सिलीने लिहून ठेवलंय :
रात्रभर वाहत्या पाण्यात ठेवणे.