अहिराणीतून मराठीत

साहेब म्हणाले, तू इकडचीच ना,
मग हे ऐक आणि शुद्ध मराठीत उतरव.
जळगावहून सायबर सेलचं पाकीट आलं होतं,
लाखेचं सील, खाली दोन पंचांच्या सह्या:
एक पंक्चरवाला भोई, एक नगरपालिकेचा शिपाई.
आत काय आहे ते त्या दोघांना माहीत नव्हतं.
आता गावाला माहीत आहे.

काच फुटली होती मोबाइलची, एवढंच.
धरणगावच्या बाजारात दुरुस्तीला टाकताना
पॅटर्न तिनंच सांगितला,
बोटानं हवेत काढून दाखवला.
दुकानदार दिराचा दोस्त.

तिचं नाव फिर्यादीत आहे, तीनदा.
इथे लिहीत नाही.

इयरफोन लावला. मागे वायरलेसची खरखर,
हवालदार बाविस्करांचा डबा उघडलेला,
शेवभाजीचा वास सगळ्या कागदांना.
पहिला आवाज मैत्रिणीचा:
‘भ्यावू नको वं. पानी पी ले. मी शे ना.’
मी टाइप केलं: घाबरू नकोस. पाणी पी. मी आहे.
मराठीत ते नोटिशीसारखं दिसलं.
तो ‘वं’ कुठे ठेवायचा कळेना.
पाठीवरून फिरणारा हात होता त्यात,
आणि तक्त्यात रकाने पाचच:
अनुक्रमांक, दिनांक, वेळ, पाठवणार, मजकूर.

रात्रीचे दोन दहा.
‘पोट दुखी राह्यनं.’
‘कितलं?’
‘सांगता येस नही.’
त्यानंतर अकरा सेकंद, शब्दच नाहीत.
कुठलातरी नळ गळतोय, आणि श्वास.
तीनदा ऐकलं. लिहिलं: अस्पष्ट.
अस्पष्ट नव्हतं.

पहाटे चार चाळीस.
‘व्हयी गयं.’

साहेब खांद्यावरून वाकले.
झालं म्हणजे काय झालं ते लिही,
गर्भपात, कंसात.
म्हटलं, साहेब, ती फक्त झालं म्हणतेय.
आमच्याकडे भाकरी झाली तरी व्हयी गयं,
लग्न लागलं तरी,
म्हातारा गेला तरी ओट्यावर येऊन तेवढंच सांगतात.
तू कोणाच्या बाजूनं आहेस? ते म्हणाले.
मी स्पेसबार दाबत राहिले.

कलम अठ्ठ्याऐंशी. त्यात बाई स्वतःही येते.
दुसरा कायदा आहे, रीतसर, डॉक्टरचा,
त्याला नवऱ्याची सही लागत नाही.
पण तालुक्याच्या दवाखान्यात खिडकीवरची सिस्टर
आधी मान वर करून विचारते,
सोबत कोण?

माझाही एक फोन आहे, बटणांचा,
धुळ्याच्या ट्रेनिंगमधला,
बिस्किटाच्या डब्यात, सुया-दोऱ्यांखाली.
त्यात एकच मेसेज जपून राहिलाय:
‘माय, माले लेवाले ये.’
तेवढ्या ओळीत काही नाही.
तारीख तेवढी आहे.
मागच्या रविवारी त्याचा चार्जर शोधत होते.
दुकानदार म्हणाला, ही पिन आता येत नाही.
बरं वाटलं.
घरी येईपर्यंत आठवलं,
लॅबमध्ये सगळ्या पिना असतात.

खाली छापील ओळ होती:
वरील भाषांतर माझ्या माहितीप्रमाणे खरे व अचूक आहे.
सही केली, बक्कल नंबर घातला.
साहेब चहाला गेले तेव्हा
अनुक्रमांक एकोणीसमधला कंस मी काढला होता.
त्याबद्दल मला कोणी विचारेल
किंवा नाही विचारणार.
कोर्टात वकील मात्र विचारीलच, व्हयी गयं म्हणजे काय,
तुम्ही अहिराणी बोलता ना मॅडम.

संध्याकाळी आईला फोन लावला,
विचारावं म्हटलं, तुमच्या वेळी बाया काय म्हणायच्या याला,
कुठल्या शब्दात सांगायच्या एकमेकींना.
‘काय वं, काय व्हयनं?’ आई म्हणाली.
काही नाही, म्हटलं.
फोनवर नको.
येईन तेव्हा सांगते.